मुले नकोत की लग्नाच्या अटी नकोत? दक्षिण कोरियाच्या घटत्या जन्मदराची उकल

सप्टेंबर 2022 मध्ये, चुसोकचा सण पाच दिवसांवर आला असताना, सोल शहरात एक पत्रकार परिषद झाली. कोरियातील कन्फ्यूशियन आचारधर्माची राखणदार मानली जाणारी सोंगग्युनग्वान ही संस्था त्या दिवशी जे बोलली, ते एखाद्या धर्मपीठाने स्वयंपाकघरात डोकावून बोलावे तसे होते. पूर्वजांपुढे मांडायच्या ताटात तळणीचे पदार्थ असलेच पाहिजेत असे शास्त्र सांगत नाही, साधे सहा पदार्थ पुरेत आणि फार तर नऊ करावेत, असे तिने जाहीर केले. सणानंतर नवरा-बायकोत भांडणे होतात, घटस्फोट वाढतात आणि त्याचे खापर आमच्या माथी फुटते, ही खंतही तिने बोलून दाखवली.

चुसोक आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येतो. 2022 मध्ये तो 10 सप्टेंबरला होता आणि आपल्याकडे त्याच दिवशी भाद्रपद पौर्णिमा होती. सुगीचा आनंद आणि पितरांचे स्मरण हे दोन्ही त्यात असल्यामुळे आपली नवान्न पौर्णिमा आणि पितृपक्ष एकत्र केल्यासारखा हा सण आहे. आदल्या दिवशी सून सासरी पोहोचते, जमिनीवर कागद पसरून विजेचा चौकोनी तवा मांडते आणि माशाचे व कोवळ्या भोपळ्याचे काप पिठात घोळवून, फेटलेल्या अंड्यात बुडवून, एकेक करून तव्यावर सोडत बसते. या पदार्थाला ‘जॉन’ म्हणतात. ढीग रचला जाईपर्यंत तास न् तास जातात आणि कपड्यांना, केसांना तेलाचा वास बसतो. दुसऱ्या दिवशी सुटाबुटातले पुरुष ताटापुढे वाकून नमस्कार करतात. नैवेद्य नवऱ्याच्या पूर्वजांचा असतो आणि सुनेच्या स्वतःच्या आईवडिलांकडे जाणे त्यानंतर, जमले तर होते. गौरींच्या आदल्या रात्री पुरणाच्या पातेल्याशी उभी राहिलेली कोणतीही मराठी सून हे चित्र न समजावता ओळखेल. सणानंतरच्या या थकव्याला आणि चिडचिडीला कोरियन भाषेत ‘सणाचा विकार’ अशा अर्थाचा रूढ शब्दच आहे.

जगात सर्वांत कमी मुले जन्माला येणाऱ्या देशाविषयीचा लेख तव्यापासून सुरू करण्याचे कारण असे की, या विषयावरची बहुतेक चर्चा घरांच्या किमती आणि शिक्षणाचा खर्च यांपाशी थांबते. ती कारणे खरी आहेत आणि त्यांच्याकडे आपण येऊच. परंतु तरुण कोरियन स्त्री ज्या गोष्टीला नकार देते आहे ती समजून घ्यायची असेल, तर तव्यापुढे कोण बसते हे आधी पाहावे लागते.

आता आकडे. लोकसंख्याशास्त्रात ‘एकूण प्रजनन दर’ असे एक माप आहे. आज वेगवेगळ्या वयांच्या स्त्रियांना ज्या प्रमाणात मुले होत आहेत तेच प्रमाण कायम राहिले, तर एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुले होतील, हे तो दर सांगतो. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो 2.1 च्या आसपास असावा लागतो. दक्षिण कोरियात 1960 मध्ये तो सुमारे 6 होता. 1962 पासून सरकारने कुटुंबनियोजनाची मोहीम जोरात राबवली, ‘मुलगा-मुलगी भेद नको, दोनच पुरेत’ अशा आशयाच्या घोषणा गावोगाव लावल्या आणि 1983 पर्यंत हा दर 2.06 वर आला. इथपर्यंतची गोष्ट आपल्या ‘हम दो हमारे दो’सारखीच आहे. पण तो तिथे थांबला नाही. 2018 मध्ये तो 1 च्या खाली गेला आणि 2023 मध्ये 0.72 वर पोहोचला. सोल शहरात तर त्या वर्षी तो 0.55 होता.

0.72 चा अर्थ एका साध्या हिशेबाने कळतो. शंभर स्त्रिया आणि शंभर पुरुष अशी दोनशे माणसे घ्या. त्यांना मिळून 72 मुले होतील. त्यांत साधारण 35 मुली असतील आणि हाच दर राहिला तर त्या मुलींना 25 मुले होतील. म्हणजे दोनशे आजी-आजोबांमागे पंचवीस नातवंडे उरतील. युद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही, आणि तरीही दोन पिढ्यांत एवढी घट. 1970 मध्ये या देशात सुमारे 10 लाख बाळे जन्मली होती. 2023 मध्ये 2 लाख 30 हजार जन्मली.

यातली पहिली कडी म्हणजे लग्न. युरोपातील अनेक देशांत लग्न आणि मूल यांचा संबंध सैल झालेला आहे. फ्रान्समध्ये निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील मुलाच्या जन्माच्या वेळी विवाहित नसतात. कोरियात 2023 मध्ये विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलांचे प्रमाण 4.7 टक्के होते. त्यामुळे तिथे लग्न हा मुलाच्या जन्माकडे जाणारा जवळजवळ एकमेव दरवाजा आहे आणि तो दरवाजा ओलांडणारी माणसे कमी झाली की पाळणे आपोआप कमी होतात. 1996 मध्ये 4 लाख 35 हजारांच्या घरात लग्ने झाली होती. 2022 मध्ये ती 1 लाख 92 हजारांवर आली. जी होतात तीही उशिरा होतात. 2023 मध्ये पहिल्या लग्नाच्या वेळी वराचे सरासरी वय 34 आणि वधूचे 31.5 होते.

या बदलाची खूण भाषेतही उमटली आहे. लग्न न झालेल्या व्यक्तीसाठी कोरियन भाषेत जुना शब्द ‘मिहोन’. त्यातल्या ‘मि’चा अर्थ ‘अजून नाही’, म्हणजे आपल्याकडे ‘तिचे लग्न राहिले आहे’ म्हणतात तसा. गेल्या काही वर्षांत तरुण स्त्रिया त्याऐवजी ‘बिहोन’ हा शब्द वापरू लागल्या. त्यातला ‘बि’ केवळ नकार सांगतो, वाट पाहणे सांगत नाही. ‘राहिले आहे’ आणि ‘करायचे नाही’ यांत जेवढे अंतर आहे तेवढेच या दोन शब्दांत आहे. मराठीत अजूनही ‘अविवाहित’ हा एकच शब्द दोघींना पुरवावा लागतो, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

मग प्रश्न असा की, लग्नच का नको? माझ्या मते याचे उत्तर असे आहे की, कोरियात लग्न ही एक वस्तू नसून एकगठ्ठा व्यवहार आहे. जोडीदार हवा असेल तर त्याच्याबरोबर मूल, मुलाबरोबर नोकरी सोडणे, नोकरी सोडण्याबरोबर घरकाम, आणि घरकामाबरोबर सासरच्या सणांचा तवा, हे सगळे एकाच गाठोड्यात बांधून येते. त्यातले हवे ते घेऊन नको ते परत करण्याची सोय नाही. आईच्या पिढीने हे गाठोडे उचलले, कारण एकट्या स्त्रीला जगण्याचा दुसरा मार्ग फारसा नव्हता. मुलीच्या पिढीपुढे तो मार्ग आहे. 2009 पासून कोरियात महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींचे प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त आहे. ज्या आईवडिलांनी मुलीच्या शिक्षणावर मुलाइतकाच पैसा ओतला, त्यांनी तिला नकळत गाठोडे नाकारण्याची ऐपतही दिली.

नोकरीच्या बाजूने हे कसे घडते, ते थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण विषमता म्हणजे कोणीतरी मुद्दाम स्त्रीचा पगार कापतो एवढेच चित्र अनेकांच्या मनात असते. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या गटात स्त्री-पुरुष वेतनातील सर्वांत मोठी तफावत कोरियात आहे आणि 1996 मध्ये हा देश त्या गटात गेल्यापासून ती तशीच आहे. पूर्णवेळ काम करणाऱ्या पुरुषाचा मध्यम पगार 100 धरला, तर 2023 मध्ये स्त्रीचा सुमारे 71 भरत होता. विशीतल्या मुला-मुलींच्या पगारात मात्र फारसा फरक नसतो. फरक तिशीत पडू लागतो आणि चाळिशी-पन्नाशीत दरी होते. म्हणजे पगार मुलगी म्हणून जेवढा कापला जातो, त्याहून कितीतरी जास्त आई म्हणून कापला जातो.

याचे यंत्र असे चालते. मोठ्या कोरियन कंपन्यांत पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांची एकगठ्ठा भरती होते आणि पुढे पगार बराचसा नोकरीच्या वर्षांनुसार वाढत जातो. ही शिडी एका टोकाकडून चढता येते, पण मध्येच तिच्यावर पाय ठेवता येत नाही. बाळंतपणासाठी जी स्त्री शिडीवरून उतरली, तिला मूल शाळेत गेल्यावर त्याच पायरीवर जागा मिळत नाही; तिला मिळते ती लहान आस्थापनेतली, कंत्राटी, दुकानातल्या गल्ल्यावरची किंवा वृद्धांच्या देखभालीची नोकरी. अशा स्त्रीसाठी ‘ग्योंगदान्न्यो’ हा शब्द रूढ आहे. त्याचा अर्थ ‘कारकीर्द तुटलेली बाई’. सरकारी कागदपत्रांतही कारकीर्द तुटणे ही संज्ञा वापरली जाते, इतकी ती नेहमीची गोष्ट आहे. वयानुसार किती स्त्रिया नोकरीत आहेत याचा आलेख काढला, तर विशीत एक शिखर, तिशीत दरी आणि चाळिशीत दुसरे शिखर दिसते, आणि इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखा आकार होतो. अलीकडे ती दरी भरत चालली आहे. सरकारला हे यश वाटू शकेल. पण ती काही अंशी अशासाठी भरते आहे की तिशीतल्या कितीतरी स्त्रिया आता आईच होत नाहीत.

या मुलींना हे कोणी शिकवले? त्यांच्या आयांच्या अनुभवाने. 1997 च्या आशियाई आर्थिक संकटात कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावे लागले, कंपन्यांनी कपात केली आणि ‘घरात एक पगार तर आहेच’ या न्यायाने आधी विवाहित स्त्रियांना घरी बसवले. एका मोठ्या सहकारी वित्तसंस्थेत नवरा-बायको दोघेही नोकरीला असलेली साडेसातशेच्या आसपास जोडपी होती. त्यांतील एकाने राजीनामा द्यावा असा दबाव आला आणि राजीनामा देणाऱ्यांत बहुसंख्य बायकाच निघाल्या. आणि हा इतिहास झाला असेही नाही, कारण 2018 मध्ये काही बँकांनी भरतीच्या वेळी मुलींचे गुण कमी आणि मुलग्यांचे वाढवून लावल्याचे उघड झाले व प्रकरणे न्यायालयात गेली. मुलगी होती म्हणूनच नव्हे, तर उद्या ती रजेवर जाईल या गृहीतकामुळे तिची किंमत कमी धरली जाते, आणि ते गृहीतक मोडून काढायचा एकच खात्रीचा उपाय तिच्या हातात असतो, तो म्हणजे मूल न होऊ देणे.

कामाचे तासही याच गृहीतकावर उभे आहेत. चांगला कर्मचारी तो, ज्याच्या घरी कोणीतरी दुसरे स्वयंपाक करत आहे. 2018 पर्यंत आठवड्याला 68 तासांपर्यंत काम करून घेता येत असे. त्या वर्षी कायद्याने ही मर्यादा 52 केली. मार्च 2023 मध्ये सरकारने ती गरजेप्रमाणे 69 पर्यंत नेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा तरुण नोकरदारांनी एवढा गदारोळ केला की त्याला पाऊल मागे घ्यावे लागले. एकीकडे मुले होऊ द्या म्हणायचे आणि दुसरीकडे 69 तास मागायचे, यातली विसंगती मंत्रालयात कोणाला कशी दिसली नाही, याचे आश्चर्य वाटते. शिवाय कार्यालय सुटल्यावरही दिवस संपत नाही. ‘ह्वेशिक’ नावाची सहकाऱ्यांची जेवणे असतात, त्यांत शेगडीवर डुकराचे मांस भाजले जाते, सोजू या कोरियन दारूचे पेले फिरतात आणि बढतीची निम्मी बोलणी तिथेच होतात. पाळणाघरातून मूल आणायला सहा वाजता उठून जाणारी व्यक्ती त्या टेबलावर नसते.

आता घरात या. कोरियाच्या सांख्यिकी विभागाने 2019 मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. नवरा-बायको दोघेही कमावते आहेत अशा घरांत बायको घरकाम आणि देखभाल यांवर दिवसाला 3 तास 7 मिनिटे घालवत होती आणि नवरा 54 मिनिटे. या लेखातील सगळ्या आकड्यांत मला हा सर्वांत बोलका वाटतो, कारण दोघेही कमावते असले तरी संध्याकाळ समान होत नाही, हे त्यात दिसते. ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ पीटर मॅकडोनाल्ड यांनी 2000 च्या सुमारास हीच गोष्ट सूत्रात बांधली. शाळा, परीक्षा, नोकरीची बाजारपेठ या संस्था व्यक्तीला व्यक्ती म्हणून वागवतात, तिथे स्त्रीला बरोबरी मिळते. कुटुंब मात्र तिला अजून सून आणि आई म्हणूनच वागवते. या दोन समानतांमध्ये अंतर जितके जास्त, तितका जन्मदर खाली जातो. दोन्हीकडे विषमता असेल तर स्त्रियांना पर्याय नसतो आणि मुले होतात. दोन्हीकडे बरोबरी असेल तर दोन्ही साधता येते. बाहेर बरोबरी आणि आत जुनी व्यवस्था, हा मधला टप्पा सर्वांत कठीण. 2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी त्यात वेगाचा मुद्दा घातला. ज्या देशांत संपत्ती आणि शिक्षण एका पिढीत झेपावले, तिथे आई-वडिलांच्या घरातून आलेल्या समजुतींना बदलायला वेळच मिळाला नाही. कोरियाची झेप जगातील सर्वांत वेगवान झेपांपैकी एक होती.

म्हणून ‘बायका शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, म्हणून मुले कमी झाली’ हे आपल्याकडेही सहज फेकले जाणारे वाक्य अर्धवट आहे. श्रीमंत देशांपुरते पाहिले, तर ज्या देशांत जास्त स्त्रिया नोकरी करतात तिथे मुले कमी होतात, हा 1980 पूर्वीचा संबंध पुढे टिकला नाही. अर्थात, बरोबरी आली की पाळणे भरतात असेही नाही. स्वीडनसारख्या देशातही 2023 चा दर 1.45 च्या आसपास होता आणि फिनलंडचा त्याहून खाली. पण 1.4 आणि 0.7 यांत दुपटीचा फरक आहे.

घर आणि शिक्षण यांविषयी थोडक्यात. कोरियात ‘जॉनसे’ नावाची भाड्याची पद्धत आहे. घरमालकाला घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असू शकेल एवढी रक्कम ठेव म्हणून एकदम द्यायची, दरमहा भाडे द्यायचे नाही आणि सोडताना ठेव परत घ्यायची. मुंबई-ठाण्यात ‘हेवी डिपॉझिट’वर घर घेणाऱ्यांना हे लगेच कळेल. लग्न म्हणजे घर आणि घर आणायचे वराकडच्यांनी, ही तिथली जुनी अपेक्षा. त्यामुळे ठेव जमेपर्यंत मुलगा लग्नाचे नाव काढत नाही. मूल झालेच तर ‘हागवॉन’ म्हणजे खासगी शिकवण्या आल्या. त्यांवर 2023 मध्ये कोरियन पालकांनी 27 लाख कोटी वॉन खर्च केले. नोव्हेंबरात होणाऱ्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग सुरू असताना देशभर विमानांची उड्डाणे आणि उतरणे थांबवतात, यावरून त्या एका दिवसाचे वजन समजावे. पण शिकवण्यांना ने-आण करण्याचे, वेळापत्रके सांभाळण्याचे कामही आईचेच असते, हे विसरू नये. म्हणजे खर्चाचा प्रश्नही फिरून तव्यापाशीच येतो.

पुरुषांची बाजूही आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कोरियन तरुणाला सुमारे दीड वर्ष सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. ती करून आलेल्यांना सरकारी भरतीत मिळणारे जादा गुण 1999 मध्ये घटनात्मक न्यायालयाने रद्द केले. ऐन विशीतली दीड वर्षे गेली, घराची ठेव जमवायची जबाबदारी मात्र अजून माझ्याच डोक्यावर, आणि वर मलाच वरचढ म्हणतात, ही त्याची तक्रार आहे. जुन्या व्यवस्थेत कमावता पुरुष हाही एक साचाच होता; ती कमाई अवघड झाली पण साचा तसाच राहिला. 2022 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ही फूट मतपेटीत दिसली. मतदानोत्तर चाचणीनुसार विशीतल्या सुमारे 59 टक्के मुलांनी स्त्री-पुरुष समानता मंत्रालय बंद करण्याचे आश्वासन देणाऱ्या उमेदवाराला मत दिले आणि सुमारे 58 टक्के मुलींनी त्याच्या प्रतिस्पर्ध्याला. लग्नाच्या वयाचे दोन गट एकमेकांकडे असे पाठ फिरवून उभे असतील, तर सरकारी वधू-वर मेळावे भरवून काय साधणार?

शिवाय हिशेबातच एक जुनी चूक आहे. 1990 मध्ये कोरियात दर 100 मुलींमागे 116.5 मुलगे जन्मले. ते वर्ष तिथल्या पंचांगाप्रमाणे पांढऱ्या घोड्याचे होते, त्या वर्षी जन्मलेली मुलगी हट्टी निघते अशी समजूत होती, आणि सोनोग्राफी हाताशी होती. हे प्रमाण नैसर्गिक पातळीवर यायला 2007 उजाडले. तेव्हा न जन्मलेल्या मुली आज वधू म्हणून सापडत नाहीत. महाराष्ट्राने 1988 मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, तरी 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 मुली होत्या. ‘पोराला मुलगी मिळेना’ ही आज गावोगाव ऐकू येणारी तक्रार त्याच पेरणीचे पीक आहे.

सरकारने काय केले? पैसे दिले. 2006 पासूनच्या सोळा वर्षांत कमी जन्मदरावरच्या उपायांच्या नावाखाली सुमारे 280 लाख कोटी वॉन खर्ची पडले. रुपयांत ही रक्कम पंधरा-सतरा लाख कोटींच्या घरात जाते. त्यात पाळणाघरे होती, भत्ते होते, आणि मुलांशी लांबचाच संबंध असलेल्या अनेक योजनाही होत्या. दृष्टी कोणती होती, हे डिसेंबर 2016 मध्ये दिसले. गृह मंत्रालयाने संकेतस्थळावर देशाचा एक नकाशा टाकला, त्यात कोणत्या तालुक्यात 15 ते 49 वयाच्या किती स्त्रिया आहेत हे गुलाबी छटांनी आणि नेमक्या संख्येने दाखवले होते. आम्हाला गुरांच्या खानेसुमारीसारखे मोजता काय, असा संताप उसळला आणि नकाशा लगेच उतरवावा लागला. पुरुषांचा तसा नकाशा कोणी केला नव्हता.

काय उपयोगी पडते, याचा एक धागा सेजोंग शहरात सापडतो. 2012 पासून केंद्र सरकारची बरीच मंत्रालये तिथे हलवली गेली, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांत सरकारी नोकर पुष्कळ आहेत. म्हणजे नोकरी पक्की, रजा मागितल्यावर मिळते आणि परतल्यावर खुर्ची जागेवर असते. 2015 मध्ये सोलचा प्रजनन दर 1.00 होता आणि सेजोंगचा 1.89. पुढे तिथलाही दर घसरला आणि 2023 मध्ये 0.97 झाला, तरी तो देशात सर्वांत वरच्यांत राहिला. माणसे तीच, भाषा तीच, सणाचा तवाही तोच. नोकरीची अट तेवढी वेगळी.

पालकत्वाची रजा कागदावर कोरियात फार उदार आहे. वडिलांनाही वर्षभर सशुल्क रजेचा हक्क आहे. बरीच वर्षे तो वापरायला माणसे घाबरत, कारण रजेवर गेलेला बाप कामचुकार ठरे. 2024 मध्ये मात्र रजा घेणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण 31.6 टक्के झाले. दहा वर्षांपूर्वी ते दहा टक्क्यांच्याही खाली होते. लहान आस्थापनांतल्या कामगारांपर्यंत मात्र ही रजा अजून नीट पोहोचलेली नाही आणि बहुसंख्य कोरियन अशाच ठिकाणी काम करतात.

हे सगळे आपल्याला किती लागू आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्राचा प्रजनन दर 1.7 आणि गोव्याचा 1.3 होता. म्हणजे ‘आपली लोकसंख्या फार वाढते आहे’ हे वाक्य निदान मराठी मुलखापुरते जुने झाले आहे. भारताच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला 289 मिनिटे आणि घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटे घालवत असल्याचे दिसले. 2017 च्या दुरुस्तीने आपल्याकडे प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली, पण तिचा खर्च बहुतांशी मालकावर टाकल्यामुळे ‘ही उद्या रजेवर जाईल’ हे कोरियन गृहीतक आपल्या मुलाखतींतही येऊन बसले आहे. मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ असे मुलाला विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही. फरक एवढाच की आपल्याकडे लग्न अजून जवळजवळ प्रत्येकाचे होते, त्यामुळे मुले कमी झाली तरी गाठोडे नाकारले गेलेले नाही.

कोरियात 2024 मध्ये नऊ वर्षांनंतर प्रथमच प्रजनन दर किंचित वर गेला, 0.72 वरून 0.75 झाला. लग्नेही सुमारे 15 टक्क्यांनी वाढून 2 लाख 22 हजारांवर गेली. कोरोनाच्या काळात लांबलेली लग्ने उरकली गेली, हे एक कारण. दुसरे असे की 1991 ते 1995 या काळात दरवर्षी सात लाखांच्या आसपास मुले जन्मली होती आणि ती आता तिशीत आली आहेत, म्हणून लग्नाच्या वयाची माणसेच सध्या जास्त आहेत. 2002 मध्ये पाच लाखांहूनही कमी मुले जन्मली. ती 2030 नंतर त्याच वयाला पोहोचतील, आणि तोपर्यंत घरकामाची बायकोची 187 मिनिटे आणि नवऱ्याची 54 मिनिटे जिथल्या तिथे राहिली, तर आज वाढलेल्या आकड्यामागे किती भाग माणसांच्या संख्येचा होता आणि किती मनाच्या बदलाचा, ते तेव्हाच्या नोंदवह्यांत दिसेल.